सूर्याचे डाग आणि दुष्काळाचा हिशेब

भुसावळच्या उन्हाची ख्याती मी वेगळी सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आम्ही सगळं खापर सूर्यावर फोडतो. पाऊस लांबला तरी दोषी तोच. पण सूर्यातल्या बदलांचा आपल्या पावसाशी खरोखर काही संबंध आहे का? या प्रश्नाचा इतिहास मला मोलाचा वाटतो, कारण त्यात दुष्काळात गेलेल्या माणसांचा हिशेब गुंतलेला आहे.

सूर्यबिंबावरचे काळे डाग साधारण 11 वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात, हे जर्मनीच्या श्वाबे यांनी 1843 मध्ये दाखवलं. पुढे 1876 मध्ये दख्खनचा पाऊस हुकला. 1878 पर्यंत लाखो माणसं दगावली. सूर्यावरचे डागही त्याच सुमारास अगदी कमी झाले होते. विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे मांडून दुष्काळाची सांगड सौरचक्राशी घातली. 1877 मध्ये त्यांनी नॉर्मन लॉकियर यांच्यासह त्यावर लेख लिहिला. हेच लॉकियर पुढे 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गावर आले होते.

कल्पना मोठी सोयीची होती. दुष्काळ आकाशातून येत असेल, तर जमिनीवर कुणाला जाब विचारायचा? त्याच काळात देशातून धान्य परदेशी जात होतं आणि दुष्काळी कामांवर दिवसाची मजुरी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खाली आणली गेली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून ती सरकारपुढे मांडली, हे म्हणूनच महत्त्वाचं.

या चर्चेतून एक चांगलं काम मात्र झालं. सूर्याच्या नियमित निरीक्षणाला बळ मिळालं आणि 1899 मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली. पुण्यात प्रा. नायगमवाला यांनी उभारलेल्या वेधशाळेची उपकरणं 1912 मध्ये तिथेच गेली. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी सूर्यडाग आणि पाऊस यांचे आकडे ताडून पाहिले. संबंध फारच क्षीण निघाला. मान्सूनचा मोठा धागा त्यांना सापडला तो प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबात.

आपल्याच भागाचे दाखले घ्या. 1630-32 च्या दुष्काळात बऱ्हाणपूर, म्हणजे तेव्हाच्या खानदेश सुभ्याची राजधानी, होरपळली. सूर्य सत्तर वर्षं जवळजवळ निर्डाग राहिला तो 1645 नंतर. 1899 च्या ‘छप्पन्न्या’ दुष्काळात डाग कमी होते, 1918 मध्ये भरपूर, तर 1972 मध्ये मधलेच. 1877 आणि 1972 या दोन्ही वेळी प्रशांत महासागरात प्रखर ‘एल निनो’ मात्र होता.

याचा अर्थ सूर्याचा परिणाम शून्य, असा नाही. एका चक्रात त्याची एकूण ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का बदलते, पण अतिनील किरण त्याहून बरेच जास्त बदलतात. त्यांनी वरच्या थरातला ओझोन तापतो आणि वाऱ्यांची घडी हलू शकते. ओमानच्या गुहेतल्या चुनखडीच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीचा मान्सून सूर्याबरोबर कमी-जास्त झाल्याच्या खुणा 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवल्या. शतकांच्या मापाने सूर्य बोलतो. पुढच्या मृगात पेरणी करायची की नाही, हे तो सांगत नाही.

1972 मध्येही पाऊस हुकलाच, पण शंभर वर्षांपूर्वीसारखे लाखो मृत्यू झाले नाहीत. लोकांच्या हाताला काम मिळालं, पोटात अन्न गेलं. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अवर्षण निसर्गाचं असतं; त्याचा दुष्काळ होऊ द्यायचा की नाही, हे माणसांच्या हातात असतं.