कर्जदाराचें घर व १८७९ चा कायदा

दक्षिणेंतील १८७५ च्या दंग्यांची हकीकत बहुधा १२ मे रोजीं सुपें येथील बाजारांत झालेल्या उठावापासून सांगितली जाते. परंतु तिचा धागा त्याआधीं एका घराशीं जाऊन पोंचतो. डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डे येथें एका मारवाडी सावकारानें बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळविला आणि त्याच्या बजावणींत त्यांचें राहतें घर घेऊन तें पाडावयास काढिलें. तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला, व त्याचें लोण आसपास पसरलें. जमीन गेलेला मनुष्य कूळ म्हणून तीच जमीन कसूं शके. घर गेलेल्यास मात्र गांवांत ठावच उरत नसे. पुढें ठिकठिकाणीं लोकांनीं सावकारांचीं खतें व हुकूमनामे हिसकावून जाळले.

चौकशीअंतीं झालेला १८७९ चा सतरावा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास होणारी कैद बंद केली. पन्नास रुपये वा अधिक देणें असलेल्या शेतकऱ्यास नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली. आणि त्या कर्जासाठीं स्पष्टपणें गहाण न लिहिलेल्या स्थावराची जप्ती व विक्री मना केली.

म्हणून संग्राहकांस विनंती कीं, त्या काळचें कर्जखत दप्तरांत आढळल्यास तें क्षुल्लक समजून टाकूं नये. त्यांत घर गहाण लिहिलें आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. १८७९ नंतर कुटुंबाचा आसरा त्या एका ओळीवर अवलंबून असे.