सुझुकी, जिप्सी आणि आमचं जंगल

चंद्रपुरात 'जिप्सी' हे आता एखाद्या मॉडेलचं नाव राहिलेलं नाही, ते सामान्यनाम झालं आहे. डालडा, झेरॉक्स यांच्या रांगेतलं. ताडोब्याला जायचं ठरलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, "जिप्सी मिळाली का?" बहुतेकांची अशी समजूत असते की ही उघडी, उंच, हिरवट गाडी जंगल दाखवण्यासाठीच कोणीतरी बनवली असावी.

तसं अजिबात नाही. या गाडीची कुळकथा वाघापासून फार लांब, जपानमधल्या हातमागावर सुरू होते. गेल्या काही महिन्यांत या विषयावर जमेल तसं वाचत होतो, तेव्हा वाटलं की आपल्या दोन जिल्ह्यांच्या नजरेतून ही गोष्ट एकदा लिहून काढावी. यात गाड्यांचं प्रेम आहेच (ते घरच्यांना नवीन नाही!), पण थोडी काळजीही आहे. ती शेवटी येईल.

हमामात्सु हे जपानमधलं कापडाच्या धंद्याचं गाव. तिथे मिचिओ सुझुकी या सुतारकाम शिकलेल्या तरुणाने १९०९ साली माग बनवायचा कारखाना काढला. पहिला सुधारलेला माग त्याने आपल्या आईसाठी केला, असं सांगतात. आरमोरी-नागभीडकडे कोसा विणणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातलं मर्म सांगायला नको. माग बनवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : गिऱ्हाईक गरीब आहे. लाकूड जास्त लागलं, लोखंड जास्त लागलं, तर माग विकला जाणार नाही. कमीत कमी सामानात काम झालं पाहिजे.

पुढे युद्ध झालं, कापडाचा धंदा बसला. १९५२ मध्ये या कारखान्याने सायकलला लावायचं छोटं इंजिन आणलं आणि १९५५ मध्ये 'सुझुलाईट' नावाची चिमुकली मोटार. जपान सरकारने तेव्हा छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्गच केला होता, त्याला 'केई' म्हणतात. लांबी तीन मीटरच्या आत, इंजिन ३६० सीसीच्या आत, मग कर कमी. बाकीच्या मोठ्या कंपन्यांना या मापात गाडी बसवणं म्हणजे कटकट वाटत असेल. मागवाल्यांच्या कारखान्याला हे जन्मापासून जमत होतं.

या मापातली सगळ्यात मजेदार गाडी आली १९७० मध्ये. नाव जिम्नी. मूळ कल्पना होप मोटर नावाच्या एका छोट्या कंपनीची, सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले. ३५९ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ अश्वशक्ती, वजन सहाशे किलोच्या आसपास आणि चारही चाकांना ताकद! मोटारसायकलएवढ्या इंजिनावर चालणारी जीपच म्हणा ना. तीन मीटरचा नियम मोडू नये म्हणून स्टेपनी मागे बाहेर टांगली नाही, आत सीटजवळ ठेवली. त्यामुळे चौथ्या माणसाला जागाच उरली नाही. आपल्याला हसू येतं, पण डोंगरातल्या शेतकऱ्याला ही गाडी परवडत होती आणि चिखलात नेता येत होती.

आता आपल्याकडे येऊ. १९८२ साल आमच्या भागासाठी मोठं. २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिकडे दिल्लीत मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण नव्या जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर देसाईगंज-वडसा हे एक स्टेशन, बाकी सगळी भिस्त एसटीचा लाल डबा, ट्रक आणि सरकारी जीपवर. अशा जिल्ह्याचा आणि एका छोट्या, हलक्या गाडीचा जन्म आगेमागे व्हावा, याची मला गंमत वाटते.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. जपानमध्ये हीच गाडी 'आल्टो' म्हणून प्रसिद्ध होती. १९७९ साली तिथे ती ४ लाख ७० हजार येनला आणून ओसामु सुझुकी यांनी खळबळ उडवली होती. हे ओसामु म्हणजे घरजावई, सासरचं आडनाव लावलेले. १९७८ मध्ये अध्यक्ष झाले आणि पुढे चाळीस वर्षांहून जास्त काळ कंपनी त्यांच्याच हातात राहिली. भारतात यायचा निर्णय त्यांचाच. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, आणि २०२५ मध्ये आपल्या सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

घरातल्यांना बल्लारपूरच्या मामांची ८०० आठवत असेलच. सेकंडहँड, पांढरी. त्याआधी मामांकडे स्कूटर होती आणि मोटार म्हणजे अँबॅसिडर, ती साहेब लोकांची, अशी आमची समजूत. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला त्या गाडीत आम्ही सात जण कोंबून गेलो होतो. मामी घाबरून "हळू चालवा" म्हणत होत्या आणि मामा, जे आयुष्यात कधी कोणाला मोठ्याने बोलले नाहीत, ते वळणावर गिअर टाकताना चक्क गुणगुणत होते. स्वस्त गाडी गरजेपोटी घेतात हे समजण्यासारखं आहे. पण स्वस्त गाडी चालवायला इतकी मजा का यावी?

त्याचं उत्तर माझ्या मते वजनात आहे. अँबॅसिडर अकराशे किलोच्या पुढची, ८०० साडेसहाशेच्या आसपास. वजन कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून किंमत कमी. आणि तेच वजन कमी म्हणून छोटं इंजिनही गाडीला पटकन ओढतं, स्टिअरिंग हाताला हलकं लागतं, ब्रेक लवकर लागतो, वळणावर गाडी पाहिजे तिकडे वळते. म्हणजे स्वस्ताई आणि मजा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकाच निर्णयाची ती दोन फळं आहेत. काही नावाजलेल्या गाड्यांमध्ये मजा ही वरून पैसे मोजून घ्यावी लागते. मामांना ती गाडीबरोबर फुकट मिळाली होती.

डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आली. जिम्नीचीच लांब आवृत्ती, चार सिलिंडरचं ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन. १९९३ मध्ये तिची चाकं रुंदीला थोडी फाकवली, १९९६ मध्ये १३०० सीसीचं इंजिन आलं आणि नावात 'किंग' लागलं. बाकी गाडी जवळपास तीच राहिली. खाली मजबूत चेसिस, पुढे-मागे पाटे, गिअरच्या दांड्याशेजारी फोर-व्हील ड्राइव्हचा दुसरा दांडा, वर कापडी टप. मागच्या बाकावर बसून खराब रस्त्याने गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो. ॲव्हरेजच्या नावाने तर बोंबच. घरगुती गिऱ्हाईक तिच्याकडे फारसं फिरकलं नाही. सैन्याने, पोलिसांनी, वनखात्याने घेतली आणि रॅलीवाल्या हौशी मंडळींनी.

तरीही ती आमच्या जंगलात टिकली, कारण वजन पुन्हा हजार किलोच्या आत. पावसानंतर आमच्याकडची काळी माती काय करते, हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. चाकाला चार बोटं चिखलाचा थर बसतो आणि जड गाडी स्वतःच्याच वजनाने खाली जाते. बफरमधल्या एका नाल्यात एकदा आमची जिप्सी तिरकी झाली. ड्रायव्हरने शांतपणे दुसरा दांडा ओढला, दोनदा मागे-पुढे केलं आणि गाडी वर. मी कौतुक केलं तर म्हणाला, "हलकी हाय म्हणून निघते भाऊ. जड राहिली असती तं इथंच मुक्काम होता." गाड्यांवरच्या जाड पुस्तकांमध्ये याहून वेगळं काही लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

दुसरं म्हणजे आवाज. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ पासून आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. तिथे वाघ दिसण्याआधी ऐकू येतो, म्हणजे सांबर, चितळ, वानर यांच्या ओरडण्यातून. पेट्रोलचं इंजिन मुळात कमी खडखडतं, बंद केलं की क्षणात शांतता. वर टप काढलेला, आजूबाजूला काच नाही. हॉटेलात बसून बाहेर बघावं तसं नाही, आपण जंगलातच असतो. हमामात्सुमध्ये कोणी याचा विचार केला नसेल, पण गाडीत जे 'नाही' तेच इथे कामाला आलं.

आणि तिसरी गोष्ट पोटाची. पूर्वी लोक स्वतःची गाडी घेऊन आत जात. मग ठरलेल्या जिप्सी आणि गावचे गाईड अशी पद्धत रुळली. सहा पाहुणे, एक ड्रायव्हर, एक गाईड. मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या पोरांना यातून रोजगार मिळाला. याचं महत्त्व नीट समजून घ्यायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. मोहफुलं वेचायला, सरपणाला, गुरं घेऊन गेलेली. ज्या गावाने वाघाचा त्रास सोसायचा, त्या गावाला वाघापासून चार पैसे मिळाले तरच दोघंही राहतील. हा हिशेब ज्या गाडीवर बसला, ती गावातल्या पोराला कर्ज काढून, जुनी का होईना, घेता येत होती आणि बिघडली तर गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येत होती.

पण हलकेपणाची दुसरी बाजू सांगितली नाही तर हे लिखाण नुसतं कौतुक होईल. पातळ पत्रा म्हणजे पातळ पत्राच. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आल्टो ८०० आपटून पाहिली, तर मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. मामांच्या गाडीत आम्ही सात जण, पट्टा एकालाही नाही, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो. आणि गडचिरोलीत तर साध्या गाडीचा अर्थच वेगळा. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभूरखेड्याला सुरुंगाचा स्फोट झाला, त्यात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक गेले. ती गाडी जिप्सी नव्हती. पण एका जिल्ह्यात ज्या उघड्या गाडीसाठी लोक महिना महिना आधी बुकिंग करतात, शेजारच्या जिल्ह्यात तशी कुठलीही साधी गाडी रस्त्यावर काढताना पोलिसांना वर्षानुवर्षं जिवाचा विचार करावा लागला, हेही खरंच.

योगायोग असा की जिप्सीही त्याच सुमारास संपली. एबीएस, एअरबॅग, धडकेची चाचणी हे नियम २०१९ मध्ये लागू होत होते आणि २०२० पासून धुराचे नवे नियम. १९८५ च्या गाडीत हे बसणं शक्य नव्हतं. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी तिची विक्री थांबली. नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. मामांच्या गाडीतल्या सात जणांपैकी मी एक होतो.

जून २०२३ मध्ये तिची वारसदार पाच दारांची जिम्नी आली. सहा एअरबॅग, वर पक्कं छप्पर, वजन बाराशे किलोच्या जवळपास. जिप्सी शेवटी सहा लाखांच्या थोडी पुढे होती, जिम्नीची सुरुवातच पावणेतेरा लाखांना झाली. गंमत म्हणजे हीच गुरुग्राममध्ये बनणारी गाडी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये विकायला काढली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. ज्या देशाने आपल्याला छोटी गाडी शिकवली, तो आज आपल्याकडच्या गाडीसाठी रांगेत उभा आहे. ऐकून बरं वाटतं.

पण मोहर्लीच्या पोराचं काय? जुन्या जिप्सी अजून चालतात, पण लोखंडालाही वय असतं. पुढची गाडी दुप्पट किमतीची असेल, तर ती गावातल्या पोराची असेल की नागपूरच्या एखाद्या भांडवलवाल्याची, आणि पोरगा तिथे फक्त पगारी ड्रायव्हर? विजेवर चालणारी, आवाज न करणारी, हलकी आणि तरीही आतल्या माणसांना सांभाळणारी उघडी गाडी कोणीतरी करावी, असं मनापासून वाटतं. कठीण आहे, मान्य. पण तीन मीटरमध्ये जीप बसवणंही कठीणच होतं. त्यांनी ते केलं, कारण गिऱ्हाइकाचा खिसा आधी मोजला आणि गाडी नंतर आखली. आमच्या जंगलाला पुन्हा तशाच कोणाची तरी गरज आहे.