चाचा आणि हलालची पाटी

मंडळी, गेल्या हिवाळ्यात नांदेडकडचे चाचा आमच्याकडे कुकटपल्लीला आले होते. बाबांचे शाळासोबती, वय ऐंशीच्या पुढे. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेले. आजोबांची नोकरी हैदराबादेत, म्हणून आम्ही इकडेच राहिलो. चाचा गावीच राहिले.

संध्याकाळी म्हटलं, चला, बाहेर जेवू. आमच्या रस्त्यावर काय कमी आहे? मेस, बिर्याणी, टिफिन सेंटर, सगळं दाटीवाटीनं. चाचा हळूच म्हणाले, "मला दहीभात चालतोय रे." मला वाटलं, वयामुळं म्हणत असतील. बाबा माझ्यावरच चिडले, "अरे, हलाल आहे का ते विचार की आधी!"

पहिल्या हॉटेलात पोऱ्याला माहीत नव्हतं. दुसरीकडे "चिकन कंपनीतून येतं" एवढंच उत्तर. तिसरीकडे भिंतीवर हलालची पाटी होती. गल्ल्यावरच्या माणसानं मटण कुठल्या कसायाकडून येतं तेही सांगितलं. तिथं बसलो. चाचा पोटभर जेवले.

परत येताना बाबा बोलू लागले. काचीगुड्यात आपण राहायचो तेव्हा मटणाच्या दुकानावर अशी पाटी नव्हती. कसाई मुसलमान, गिऱ्हाईक सगळ्या जातींचं, कुणाला शंकाच नव्हती. आणि गावाकडे तर मुलाणीच होता. आपल्या दख्खनच्या गावगाड्यात बलुत्या-अलुत्यांमध्ये मुलाण्याचं नाव येतं. मशिदीची दिवाबत्ती त्याच्याकडे आणि बकरं कापायचं कामही त्याच्याकडेच. जत्रेचं बकरं असो की लग्नाचं, तो बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायचा. मराठा-कुणब्यांच्या कितीतरी घरांत त्याच्या हातचं नसेल तर मटण चालायचं नाही. त्याबद्दल सुगीला त्याला धान्य मिळायचं. म्हणजे हलाल ही तेव्हा एकट्या मुसलमानाची गरज नव्हती, सगळ्या गावाचा तो रिवाज होता.

मग बाबा थांबून म्हणाले, "आमच्या गावचा मुलाणी म्हणजे याचेच वडील."

मी गप्प झालो. ज्यांच्या वडिलांच्या सुरीवर अख्खं गाव विश्वासानं जेवलं, ते चाचा मित्राच्या मुलाला अडचण नको म्हणून दहीभात मागत होते. आणि मला, हैदराबादेत जन्म काढलेल्याला, विचारायचं सुचलंही नाही.

उपनगरात कोण कुठून आलं, कुणाला ठाऊक नसतं. तिथं पाटी लागणारच, त्यात वाईट काही नाही. पण पाहुण्याला स्वतः विचारावं लागू नये, एवढं यजमानानं बघावं. आता घराजवळची चार ठिकाणं मी विचारून ठेवली आहेत.

तुमच्या गावी मुलाणी होता का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. हे सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.