स्कूबा डायव्हिंगचं सामान विमानातून नेताना जादा पैसे नेमके कशाचे लागतात?

अंदमानला डायव्हिंगला जायचं ठरलं की स्वस्त तिकिटासाठी लोक कितीतरी आधीपासून दर बघायला लागतात. सामानाचा हिशोब मात्र थेट विमानतळावरच्या वजनकाट्यासमोर सुरू होतो आणि तिथे तो महागात पडतो.

कारण साधं आहे. डायव्हरचा स्वतःचा संच जड असतो. पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणारं जॅकेट, ज्याला बीसीडी म्हणतात, तेच तीन-चार किलोंचं असतं. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटर त्याच्या नळ्यांसकट दोन-तीन किलो. वेटसूट दीड-दोन किलो, फिन्स दोन-तीन किलो. मग बूट, मास्क, डायव्ह कॉम्प्युटर, टॉर्च. शिवाय हे सगळं मावेल अशी चाकांची बॅग, जी रिकामीच तीन-चार किलो भरते. बेरीज सहज १४-१५ किलोंवर जाते. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर चेक-इन सामानाची मोफत मर्यादा साधारणपणे १५ किलोच असते. म्हणजे बॅगेत कपडे ठेवायला सुरुवात केली की मीटर पडलाच.

स्कूबासाठी वेगळी सवलत असते का?

डायव्हिंग हा खेळ आहे, मग क्रीडासाहित्य म्हणून सूट मिळेल असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं. विमान कंपन्यांना कोणकोणत्या सेवांसाठी तिकिटाव्यतिरिक्त पैसे घेता येतात, याची यादी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या परिपत्रकात आहे. आवडीची सीट, जेवण, लाउंज, चेक-इन सामान यांच्या जोडीला त्यात क्रीडासाहित्य आणि वाद्यांचाही उल्लेख आहे. थोडक्यात, खेळाच्या सामानावर वेगळं शुल्क लावायची मुभा कंपनीला आहे, ते लावायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

त्यामुळे प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एमिरेट्ससारख्या कंपन्या क्रीडासाहित्य नेहमीच्या मोफत सामानातच मोजतात. एकूण वजन मर्यादेत असेल तर बॅगेत साड्या आहेत की फिन्स, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. युरोपातली रायनएअर क्रीडासाहित्याच्या नगामागे ठरावीक रक्कम घेते आणि त्या नगाला २० किलोंची मर्यादा घालते. काही कंपन्या डायव्हरना वरचे काही किलो मोफत देतात, पण त्यासाठी आधी कळवावं लागतं, कधी डायव्हिंगचं प्रमाणपत्रही दाखवावं लागतं.

किलोबरोबर नगही मोजले जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सामान १५ किलोंतच आहे पण दोन बॅगांत विभागलंय, अशा वेळी दुसऱ्या बॅगेचे पैसे लागू शकतात. लांब फिन्स हा आणखी एक त्रास. अनेक कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा ठेवतात. फ्रीडायव्हिंगचे लांब फिन्स नेणाऱ्यांची बॅग वजनात बसली तरी मापात अडकते.

१०० रुपये किलोचा नियम कुठे गेला?

जादा सामानाच्या दराला आपल्याकडे एकदा लगाम बसला होता. २०१६ मध्ये डीजीसीएनं आदेश काढला की १५ ते २० किलोंमधल्या सामानासाठी किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. खासगी कंपन्यांची संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयानं ही मर्यादा रद्द केली. तेव्हापासून दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत.

पुढे काय झालं ते इंडिगोच्या ऑगस्ट २०१८ च्या दरपत्रकावरून कळतं. विमानतळावर जादा सामानाचा दर किलोमागे ४०० रुपये झाला. आधीच ऑनलाइन घेतल्यास पाच किलोंना १,९०० आणि १० किलोंना ३,८०० रुपये. आता समजा, एखाद्या डायव्हरची बॅग २४ किलोंची आहे. नऊ किलो जादा, म्हणजे काउंटरवर ३,६०० रुपये. त्यानं शहाणपणा करून १० किलोंचा पॅक आधीच घेतला असता तर २०० रुपये जास्तच गेले असते! आधी घेतलेला पॅक स्वस्तच पडतो हे गृहीत धरू नये, आपले किलो त्या पॅकच्या टप्प्यात कुठे बसतात ते पाहावं. आणि हा खर्च एका बाजूचा. परतीचा धरला की ७,००० च्या वर जातो. हे दर २०१८ चे आहेत, आता त्याहून जास्त मोजावे लागतात.

मोफत मर्यादाही आक्रसत गेली आहे. एअर इंडियाच्या देशांतर्गत प्रवासात पूर्वी २५ किलो मोफत मिळत, मे २०२४ पासून सर्वात स्वस्त तिकिटांवर ते १५ किलो झालं. त्यात फेब्रुवारी २०२१ पासून फक्त केबिन बॅग घेऊन जाणाऱ्यांना कमी दराचं तिकीट द्यायलाही परवानगी मिळाली आहे. तिकिटांच्या संकेतस्थळावर सर्वात वर दिसणारा आकडा अशा तिकिटाचा असेल तर डायव्हरसाठी तो निव्वळ चकवा आहे. उलट जास्त किलो देणारं वरच्या दराचं तिकीट घेतलं तर फरक पुष्कळदा जादा सामानाच्या शुल्कापेक्षा कमी निघतो.

दोन तिकिटं, दोन नियम

मुंबई किंवा पुण्याहून अंदमानला जाताना अनेकदा चेन्नई किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सामान सहसा एकदाच तोललं जातं. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं काढली तर मध्ये बॅग ताब्यात घ्यायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं आणि जादा किलोंचे पैसे दुसऱ्यांदा भरायचे.

मालदीवमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मालेपर्यंतच्या तिकिटावर ३० किलोंची मुभा असेलही, पण पुढे रिसॉर्टच्या बेटावर समुद्री विमानानं जायचं असेल तर तिथली मर्यादा वेगळी. ट्रान्स मालदीवियनच्या विमानात चेक-इनचे २० आणि हातातले ५ किलो चालतात. छोट्या विमानात वजन हा निव्वळ पैशाचा मामला नसतो. लक्षद्वीपच्या अगत्ती विमानतळावर एटीआरसारखी लहान विमानं उतरतात. गोव्यातल्या मोपाहून फ्लाय ९१ जाते तीही एटीआरनंच. अशा विमानात जादा सामान जागा आणि वजनाचं गणित जमलं तरच घेतात. पैसे द्यायची तयारी असली तरी बॅग मागे राहू शकते.

काय न्यायचं, काय नाही?

टाकी नेण्याचा विचार डोक्यातून काढलेला बरा. नेहमीच्या वापरातली ॲल्युमिनियमची टाकी रिकामीच १४ किलोंच्या आसपास भरते, आणि ती न्यायची तर पूर्ण रिकामी, आत तपासता येईल अशी उघडी असावी लागते. शिशाच्या वजनांचंही तेच. किलोला ४०० रुपये देऊन शिसं उडवत न्यायला कोण तयार होईल? टाकी आणि शिसं डायव्ह सेंटरवर मिळतंच.

बॅटऱ्यांचा नियम पैशाचा नसून सुरक्षेचा आहे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, १०० वॉट-तासांपर्यंत. त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. डायव्हिंगचे मोठे दिवे पाण्याबाहेर चालू राहिले तर प्रचंड तापतात, म्हणून बॅटरी काढून वेगळी ठेवायची आणि कंपनीला आधी विचारायचं. चाकू असेल तर तो मात्र चेक-इनमध्येच.

अंदमानात बहुतेक सेंटर डायव्हच्या किमतीतच सगळं साहित्य देतात. त्यामुळे वर्षातून एकदा पाच-सहा डायव्ह करणाऱ्यानं अख्खा संच नेला तर तो नेण्याचे पैसे देतो आणि न वापरलेल्या भाड्याचेही देतो. अशा माणसानं मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर नेलं तरी पुरतं. मास्क चेहऱ्याला बसणं महत्त्वाचं आणि कॉम्प्युटरमध्ये आपल्या डायव्हची नोंद असते. त्याच्या पुढची पायरी रेग्युलेटरची. तो केबिन बॅगेच्या सात किलोंत बसतो आणि तिथेच न्यावा. नळ्यांचं भेंडोळं एक्स-रेत विचित्र दिसतं, तपासणीत बॅग उघडायला सांगितली तर घाबरायचं कारण नाही.

प्रशिक्षकांचं गणित वेगळं. पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कामासाठी बाहेर जाणाऱ्या डायव्हरच्या दृष्टीनं हा संच म्हणजे हत्यारं. तो भाड्याच्या बीसीडीवर महिनोन् महिने काढू शकत नाही, आणि जाण्या-येण्याचं शुल्क त्याच्याच कमाईतून जातं. बोलणी करतानाच हा खर्च कोण देणार, हे विचारून घेतलेलं चांगलं.

बॅग हरवली तर?

इथे आकडे डोळे उघडतात. देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान हरवलं किंवा खराब झालं तर कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंतच आहे. चांगला रेग्युलेटर एकटाच त्याहून महाग असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार ही मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे दीड लाख रुपयांहून जास्त आहे. सामान खराब झाल्याची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. मौल्यवान सामानाची आधी घोषणा करून वेगळं शुल्क भरायचीही सोय असते. काउंटरवर ती आपणहून कोणी सुचवेल याची खात्री नाही, विचारावं लागतं.

परतीच्या काट्यावर आणखी एक गोष्ट नडते. जाताना १५ किलो भरलेली बॅग येताना १७ भरते, आणि त्यात खरेदीचा काही संबंध नसतो. वेटसूट, बूट आणि बीसीडीच्या कापडात पाणी धरलेलं असतं, बीसीडीच्या पोटातही थोडं उरतं. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायला सांगतात, तो वेळ याच कामाला येतो. बीसीडी उलटी करून पाणी काढायचं आणि सगळं सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवायचं.