‘लोलिवे’ : आगगाडी आणि स्थलांतराची स्मृती

इ.स. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथे सोने सापडल्यानंतर पूर्व केपमधील खोसा पुरुष खाणकामासाठी जोहान्सबर्गकडे जाऊ लागले. १९१३ च्या भूमी कायद्याने कृष्णवर्णीयांच्या जमीनधारणेवर कठोर मर्यादा घातल्या आणि या स्थलांतरास जवळजवळ सक्तीचे स्वरूप आले. अनेकजण परतलेच नाहीत. पूर्व केपच्याच झहारा या आफ्रो-सोल गायिकेच्या ‘लोलिवे’ (२०११) या पहिल्या अल्बमचे यश केवळ मधुर आवाज व गिटार यांनी उलगडत नाही. ‘लोलिवे’ म्हणजे आगगाडी. ह्यू मासेकेला यांच्या ‘स्टिमेला’मध्ये ती मजूर वाहून नेते, येथे मागे राहिलेल्यांची प्रतीक्षा ऐकू येते. २०१२ मध्ये झहाराला आठ दक्षिण आफ्रिकी संगीत पुरस्कार मिळाले. वर्णभेदी राजवट १९९४ मध्येच संपली होती. मोडलेल्या कुटुंबांची आठवण मात्र संपली नव्हती.