म्हातारचळ की गोळी?

भिवंडीतल्या पूर्ण्यातून बोलतोय. आजचा विषय घरातल्या वयस्कर माणसांचा. लघवीचं इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी आजीला भिंतीवर माणसं दिसायला लागली, की आपल्याकडे दोन निदानं तयारच असतात: म्हातारचळ, नाहीतर बाहेरचं काहीतरी. औषधाचा संशय कुणालाच येत नाही. खरं तर तो पेनिसिलिनइतकाच जुना आहे.

१९४५ मध्येच वॉकर आणि जॉन्सन या डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की पेनिसिलिन थेट मेंदूत गेलं तर आकडी येते. मेंदूला शांत ठेवणारा जो ब्रेक असतो, तोच ते सैल करतं. पुढे १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं. १९५९ मध्ये स्वित्झर्लंडच्या होइन्ये यांनी आणखी एक प्रकार मांडला. प्रोकेन पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्याबरोबर काही पेशंटना आपण आत्ता मरणार अशी भीती वाटायची, भास व्हायचे, आणि थोड्या वेळात सगळं निवळायचं.

मग म्हाताऱ्यांनाच जास्त त्रास का? मुख्य कारण किडनी. बरीच अँटिबायोटिक्स लघवीवाटे बाहेर जातात. वयानुसार किडनी मंदावते, औषध रक्तात साठतं. आणि गंमत बघा (गंमत कसली!), म्हातारपणी स्नायू कमी झालेले असतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि डोस तरुणाचाच दिला जातो. सेफेपिम या इंजेक्शनबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला तो असाच होता: हातपाय झटकत नाहीत, पण मेंदूत आकडी चालू असते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस नुसता गप्प झालाय.

२०१८ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुटुंबातल्या गोळ्यांवरचा इशारा कडक झाला. लक्ष न लागणं, विसरणं, गोंधळणं, भ्रम. आपल्याकडे मेडिकलवाला पट्टी कापून चार गोळ्या हातात देतो, इशाऱ्याचा कागद खोक्यातच राहतो.

आता एक अडचण आहे. इन्फेक्शननेही म्हातारं माणूस बरळतं, त्यामुळे गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना तारखा सांगायच्या: ताप कधी आला, गोळी कधी सुरू झाली, बरळणं कधी. कारण औषधाचं असेल तर ते बदलल्यावर बहुतेकदा काही दिवसांत माणूस ताळ्यावर येतो.