फिल्म धुतल्यावरच दिसणारे चित्र

आज गोदाघाटावर चित्रीकरण करणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर छोटा मॉनिटर असतो. फोकस, प्रकाश, चौकट तत्क्षणी पारखता येते.

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना ही सोय नव्हती. १९१२ साली इंग्लंडहून आणलेला त्यांचा विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवावा लागे. टिपलेले दृश्य फिल्म धुतल्यावरच कळे. चुकले, तर फिल्म आणि दिवस दोन्ही वाया.

म्हणूनच ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी अंधारखोलीचे काम निर्णायक होते. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे हे सारे पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले.

पुढे नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली, तेव्हाही मॉनिटर नव्हताच.

आज पडदा क्षणात जे दाखवतो, ते फाळक्यांना अंधारखोलीतून उशिरा कळे. भारतीय चित्रपटाच्या आरंभी सरस्वतीबाईंचे नाव म्हणूनच घ्यावे लागते.